अमेरिकन स्वार्थी म्हणून ओरबाडतात, आपण समूहवादी म्हणून जपतो? तसं नाहीये

एक मेसेज फिरतोय की अमेरिकन लोक व्यक्तिवादी म्हणून समुद्र, जंगल, पाणी ओरबाडतात आणि आपण समूहात राहणारे म्हणून आपल्याकडे हे आपोआप जपलं जातं. ऐकायला भारी आहे, पण खरं नाही.

तिकडच्या मेन राज्यातले लॉब्स्टर पकडणारे बघा. प्रत्येकाची बोट स्वतःची, धंदा स्वतःचा. पण सापळ्यात अंडीवाली मादी आली की शेपटीला व्ही आकाराची खाच मारून तिला परत समुद्रात सोडतात, आणि पुढे ती अंडी नसताना दुसऱ्या कुणाच्या सापळ्यात आली तर खाच बघून त्यालाही सोडावीच लागते, कायदाच आहे तसा. फार मोठं लॉब्स्टरही परत पाण्यात. आणि बाहेरचा कोणी हद्दीत घुसला तर त्याच्या सापळ्याचे दोर कापले जातात (बेकायदेशीर आहे, पण चालतं).

आता आपण समूहवादी ना, मग शेजाऱ्याने बोअर मारली की आपली त्याहून खोल, ही शर्यत कुठून आली? हिवरे बाजारात 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले त्याआधीही संस्कृती हीच होती, तरी गाव दुष्काळातच होतं. फरक पडला तो पाणलोटाच्या कामाने आणि ग्रामसभेच्या नियमांनी, शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद.

संस्कृतीचा संबंधच नाही असंही नाही, गावकीत लाजेपोटी लोक नियम पाळतात. पण त्याच गावकीत बड्या बागायतदाराला अडवायची हिंमत कोण करतो? अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावर, म्हणजे पाणी-जंगलासारख्या सगळ्यांच्या सामायिक गोष्टी लोक कशा सांभाळतात यावर मिळालं, आणि त्यांचा भर होता हद्द कुठली, लक्ष कोण ठेवणार, दंड किती यावर.