हट्टी मुलाला बाथरूममध्ये कोंडायचं? नाही!
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘हट्ट करणाऱ्या मुलाला ५ मिनिटं बाथरूममध्ये कोंडा, जवळ घेतलंत तर डोक्यावर बसेल.’ हे चूक आहे. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. २ वर्षांचं पोर दादर स्टेशनवर लोळण घेतं ते तुमची फजिती करायला नव्हे. (बघणाऱ्यांना तसंच वाटतं, हे खरं.) जवळ घेणं म्हणजे हट्ट पुरवणं नाही. गर्दीतून बाजूला व्हा, खाली बसा, हळू आवाजात एवढंच म्हणा, ‘फुगा हवा होता ना? राग आला.’ फुगा मात्र घेऊ नका. रडता रडता श्वास रोखून निळं पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा; कधी कधी त्यामागे लोहाची कमतरता असते.