बेशुद्धावर वसुली

बेशुद्ध माणसावर कुणी कसलाही आरोप करावा, तो बिचारा उलटून काय बोलणार? गेल्या शुक्रवारी आमच्या फौंड्रीच्या कँटीनमध्ये सतरंजीवर पडल्या पडल्या हे ज्ञान मला झालं. राग अजून गेलेला नाही.

तपासणीला साहेब येणार अशी कुणकुण लागली की उद्यमबागेतले कारखाने एकदम सुधारतात. झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो, विझलेले दिवे पेटतात आणि कामगारांना प्रथमोपचार शिकवला जातो. हुबळीहून ट्रेनर आले. पडद्यावर इंग्रजी, बोलणं कानडी, विनोद हिंदीत, ऐकणारे मराठी. याबद्दल तक्रार नाही. बेळगावात आमचं लग्नकार्यसुद्धा असंच पार पडतं.

सरांनी छाती दाबायला एक बाहुली आणली होती. तिच्या चेहऱ्याची मोठी हकीकत आहे म्हणे. पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या कुणा अनोळखी मुलीचा मुखवटा, त्यावरून नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थानं 1960 मध्ये ही बाहुली घडवली. ऐकून अकाउंट्सच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाहुली कमरेपर्यंतच. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं शिकवायचं तर पाय असलेलं कुणीतरी लागतं.

"पेशंटसारखं कोण दिसतंय?" सरांनी विचारलं.

बोनसवर, मॅचवर, भज्यांच्या आकारावर ज्या कँटीनचं आजवर एकमत झालेलं नाही, त्या अख्ख्या कँटीननं माझ्याकडं बोट दाखवलं.

इथवरही मी सहन केलं असतं. पण उपचार करायला स्टोअरचे मामा पुढं आले.

मामा म्हणजे कानावर पेन्सिल आणि काखेत रजिस्टर. हात पुसायला मूठभर सुताचं वेस्ट मागितलं तरी इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, सही घेणारा माणूस. येळ्ळूरहून येतात, साडेपाचचा भोंगा झाला की येळ्ळूरला जातात, आणि मधल्या वेळात कंपनीचा एक नटबोल्ट इकडचा तिकडं होऊ देत नाहीत.

"आधी आपल्याला धोका नाही ना, बघायचं," सर म्हणाले. "मग दोन्ही खांदे थोपटून मोठ्यानं हाक मारायची. रिस्पॉन्स आहे का बघायचा." आणि मला दम दिला, "तुम्ही अजिबात बोलायचं नाही, नोडरी." नोडरी म्हणजे कानडीत बघा.

मामा गुडघ्यावर बसले. खांदे थोपटले. "ओ क्वालिटी साहेब! ऐकायला येतंय काय?"

मी गप्प.

"व्हर्नियर कुठाय?"

मी डोळा उघडला. सरांनी तो मिटायला लावला.

"दिवाळीच्या आधी नेलाय. सहा इंची. रजिस्टरला सही हाय तुमची."

"मामा, फक्त नाव विचारा पेशंटला."

"नाव म्हाईत हाय की सर. नाव बी रजिस्टरला हाय."

व्हर्नियर, म्हणजे आमचं बारीक मापं घ्यायचं हत्यार, मी परत केला आहे. त्यांच्याच टेबलावर ठेवला, डिस्पॅचचा पोरगा साक्षीला आहे. पण ते उठून सांगावं तर प्रात्यक्षिक बिघडतं, आणि पडून राहावं तर अब्रू जाते. मी पडून राहिलो. मामांना आयुष्यात पहिल्यांदाच उलट न बोलणारा देणेकरी मिळाला होता. हातमोजे निघाले, टॉर्च निघाली, गेल्या पावसाळ्यातला रेनकोट निघाला. शेवटी सरांकडं वळून ते म्हणाले, "रिस्पॉन्स नाही सर. दिवाळीपासनं असंच हाय."

कँटीन फुटलं. सरांना कुणीतरी सगळं कानडीत समजावलं, मग ते वेगळे हसले.

पुढं श्वास बघायचा होता, दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ न दवडता. मामांनी माझ्या नाकाशी कान आणला आणि जाहीर केलं, "हाय. दुपारचं जेवण बी कळतंय." मग आपल्या बाजूचा माझा हात काटकोनात, पलीकडचा हात गालाखाली, पलीकडचा गुडघा दुमडून अलगद आपल्याकडं ओढायचं. हे मात्र त्यांनी झकास केलं. फक्त वळवता वळवता माझे मागचे खिसे चाचपले. सरांना वाटलं, जखम शोधतायत.

नंतर फिट आलेल्या माणसाचा विषय निघाला. मामा म्हणाले, कांदा फोडून नाकाला लावायचा. सर म्हणाले, काही लावायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टोचणाऱ्या वस्तू हलवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर 108 ला फोन करा.

"कांदा नको म्हणताय. चप्पल तरी?"

"चप्पलही नको."

मामांनी बराच विचार केला. "चामड्याची नको, का रबराची बी नको?"

भाजलं तर टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको, नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा, असं सर म्हणाल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "सर, नळाला पाणी कुठल्या वारी येतंय ते बी सांगा." त्याला उत्तर मिळालं नाही.

शेवटी सर्टिफिकेटं वाटली. मामांना मिळालं. कांदा सुचवणाऱ्याला मिळालं! मला नाही. का, तर मी प्रॅक्टिकल केलं नाही. "तुम्ही तर पेशंट होतात," सर म्हणाले. म्हणजे ज्याच्या अंगावर सगळे शिकले, तो तेवढा अडाणी.

ते राहू दे. बाहुलीची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. अकाउंट्सच्या मॅडमची पंधरात दमछाक झाली, माझ्या शेजारचे डिझाइनवाले बावीसला बसले. दिवसभर साच्यात वाळू ठोकणारी मोल्डिंगची पोरं हे हसत हसत करतील. पण ती नव्हतीच. बिहार-ओडिशाची पोरं, काँट्रॅक्टरची माणसं, आमच्या मस्टरवर त्यांचं नाव नाही. त्यांचं ट्रेनिंग काँट्रॅक्टरनं बघायचं, असं ऑफिसचं म्हणणं. काँट्रॅक्टर फक्त पगाराला दिसतो, तोही उशिरा. रात्रपाळीला 1400 डिग्रीचं लोखंड लॅडलमधून ओतणार ती, आणि भाजल्यावर काय करायचं हे शिकलो आम्ही, ज्यांना फार तर स्टेपलरची पिन लागते.

पेटीचंही तसंच. 1948 च्या कारखाने कायद्यानं घालून दिलं होतं की दर 150 कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी हवी, ती सहज हाताशी हवी, ठरलेल्या सामानाखेरीज तिच्यात काही ठेवायचं नाही, आणि ती सांभाळणारा शिकलेला माणूस कामाच्या वेळात हजर हवा. आमच्या पेटीत मामांची तपकिरीची डबी, उदबत्तीचा पुडा आणि 'माल मिळाला'चा शिक्का आहे. त्याखाली बँडेज असावं. किल्ली मामांच्या करदोट्याला, म्हणजे साडेपाचनंतर येळ्ळूरला. भट्टी मात्र रात्रभर इथंच असते.

सोमवारी कास्टिंग तपासताना कडेच्या बरीनं, म्हणजे कडेला राहिलेल्या लोखंडाच्या धारदार कंगोऱ्यानं, माझं बोट कापलं. स्टोअरला गेलो. मामा लगबगीनं उठले, मला स्टुलावर बसवलं, हात वर धरायला लावला, माझाच रुमाल जखमेवर घट्ट दाबायला सांगितला. सगळं शिकवल्याबरहुकूम. मग रजिस्टर उघडलं.

"व्हर्नियर जमा नाही. तवर नवीन माल इश्यू होत नाही."

"मामा, रक्त येतंय."

"दाबून धरा की. दाबलं की थांबतंय, सरांनी सांगितलंय."

थांबलं. पट्टी अजून मिळालेली नाही.