हॉकहर्स्टचे तस्कर आणि ‘गरिबांचा चहा’
अठराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर धुमाकूळ घालणारी हॉकहर्स्ट टोळी म्हणजे रॉबिन हूडची मंडळी, असं सध्या फिरतंय. चहावरच्या जबर करामुळे ते तस्करीत उतरले, गरिबांना चहा दिला, रक्त सांडलं नाही आणि गावं त्यांच्या पाठीशी होती, असा एकूण दावा.

कर जबर होता, कबूल. पण १७४५ मध्ये तो बराच उतरवला होता, आणि टोळीचा सर्वांत गाजलेला दरोडा पडला त्यानंतर दोन वर्षांनी. टोळीचा जप्त झालेला चहा पूल (Poole) नावाच्या बंदरातल्या कस्टम हाउसमध्ये, म्हणजे जकात कचेरीत, ठेवला होता. ऑक्टोबर १७४७ मध्ये एका रात्री साठेक जण घोड्यांवरून आले. निम्म्यांनी रस्ते रोखले, निम्म्यांनी दार फोडलं. समोर धक्क्याला नौदलाचं जहाज उभं होतं. पण ओहोटीमुळे ते इतकं खाली गेलं होतं की तोफांचा नेम इमारतीवर धरताच येईना. गेला ३७ हंड्रेडवेट चहा, म्हणजे सुमारे १,८८० किलो. साठ जणांत वाटला तरी डोई तीस किलोंच्या वर. हा काही घरच्या डब्यात भरायचा माल नव्हे.

फुकट चहा मात्र एका गरिबाला खरंच मिळाला. परतताना फोर्डिंगब्रिजला बघ्यांच्या गर्दीत टोळीतल्या डायमंडला ओळखीचा चांभार डॅनियल चेटर दिसला. त्याच्याकडे त्यानं चहाची एक पिशवी भिरकावली. त्या ओळखीपायी चेटर साक्षीदार झाला. फेब्रुवारी १७४८ मध्ये तो कस्टमच्या विल्यम गॅलीबरोबर जबानीला निघाला. वाटेत रोलंड्स कॅसल गावच्या खाणावळीत तस्करांनी दोघांना दारू पाजली, मग एकाच घोड्यावर बांधून चाबकानं फोडून काढलं. गॅलीला पुरलं; प्रेत सापडलं तेव्हा हात डोळ्यांवर होते, म्हणजे पुरताना जीव असावा. चेटरला काही दिवस साखळीनं बांधून ठेवलं आणि मग विहिरीत फाशी द्यायला नेलं. दोर आखूड पडला. शेवटी त्याला आत ढकलून वरून दगड टाकले. ‘रक्त सांडलं नाही’ ते हे!

राहिला गावांचा पाठिंबा. बरीच गावं गप्प होती, पण ती धाकानं. गाउडहर्स्टकरांनी एप्रिल १७४७ मध्ये विल्यम स्टर्ट या माजी सैनिकाच्या हाताखाली पथक उभारलं. टोळीचा म्होरक्या टॉमस किंग्जमिल यानं गाव जाळायची धमकी दिली, वर दिवसही कळवला. गावानं चर खणले, शिशाच्या गोळ्या ओतल्या आणि चाल करून आलेल्या टोळीला पिटाळलं. किंग्जमिलचा भाऊ जॉर्ज तिथंच पडला. १७४९ मध्ये लंडनच्या टायबर्न या वधस्थळी फाशी दिल्यावर टॉमसचं प्रेत साखळदंडात टांगलं, तेही गाउडहर्स्टलाच.