इन्डाइट झाला म्हणजे दोषी ठरला असं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की आय-एन-डी-आय-सी-टी या क्रियापदाचा उच्चार ‘इन्डिक्ट’ आणि अर्थ ‘कोर्टाने दोषी ठरवणे’. दोन्ही चूक आहे.

उच्चार इन्डाइट. सी बोलायचाच नाही. मध्ययुगीन इंग्रजीत फ्रेंचमधून आलेला हा शब्द सी शिवायच लिहायचे, नंतर विद्वान लोकांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून स्पेलिंगमधे सी घुसवला, पण बोलणाऱ्यांनी काय तो उचलला नाही.

अर्थाची चूक मात्र जास्त गंभीर आहे कारण त्यात एखाद्याची बदनामी होते. इन्डाइट म्हणजे फक्त औपचारिक आरोप ठेवणे. अमेरिकेत फेडरल केसमधे १६ ते २३ सामान्य नागरिकांची ग्रँड ज्युरी सरकारी वकिलाने मांडलेले पुरावे बघते आणि खटला चालवण्याइतपत दम आहे असं किमान १२ जणांना वाटलं की इन्डाइटमेंट होते, खटला तर पुढे चालतो. ट्रम्प यांचंच बघा, न्यूयॉर्कच्या केसमधे इन्डाइट झाले मार्च २०२३ ला आणि ३४ आरोपांत दोषी ठरले थेट ३० मे २०२४ ला, मधले १४ महिने ते फक्त आरोपीच होते ना!

आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही, त्यामुळे चार्जशीट किंवा आरोपनिश्चिती हे त्यातल्या त्यात जवळचे शब्द. बातमीत ‘स्कॅथिंग इन्डाइटमेंट’ दिसलं तर तिथे कोर्टाचा संबंधच नसतो, कारभारावर कडक ठपका एवढाच अर्थ.