पंधरा ॲम्पियरचा पॉइंट का जळतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाडी घरच्या पंधरा ॲम्पियरच्या पॉइंटवर चार्ज होते असं इथे लिहिल्याने लोक नसती जोखीम घेतील. तुमच्या सोसायटीत असाच एक सॉकेट वितळला आणि आता ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर बसवल्याशिवाय कमिटी कुणालाच परवानगी देत नाही. तुमची काळजी रास्त आहे. कमिटीने काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे.

गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर साधारण १४-१५ ॲम्पियर घेतो, म्हणजे ३.३ किलोवॉटच्या आसपास. मोठा गिझरही जवळपास तेवढंच ओढतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. बॅटरी बरीच रिकामी असेल तर गाडी सहा-आठ तास सलग ओढते. सॉकेटमधली पितळी पत्ती सैल असली किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला, की तिथला रोध वाढतो. तो फक्त ०.१ ओहम धरा. १४ ॲम्पियरला त्या एका टोकावर जवळपास २० वॉट उष्णता तयार होते. छोटा सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या बंद खोक्यात रात्रभर चालू ठेवावा, तसंच हे. तापलेली पत्ती आणखी ढिली पडते आणि रोध आणखी वाढतो. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

जळालेला सॉकेट अजून ठेवला असेल तर उघडून बघा. एकाच पिनेभोवती काळं झालं असेल तर पत्ती सैल होती. मागच्या स्क्रूपाशी काळं असेल तर जोडणी कच्ची होती. वायरचं आवरणच लांबवर कडक होऊन तडकलं असेल, तर वायर बारीक होती. आता हाच सैल स्क्रू ७.२ किलोवॉटच्या, म्हणजे ३२ ॲम्पियरच्या वॉल चार्जरमागे राहिला, तर उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाचपटीहून जास्त. मोठा चार्जर लावल्याने कच्चं काम पक्कं होत नाही.

त्यामुळे पॉइंट पंधरा ॲम्पियरचाच ठेवा, पण तो गाडीसाठी स्वतंत्र ओढा. मीटरपासून थेट ४ चौरस मिमी तांब्याची वायर, मध्ये जोड नाही, २० ॲम्पियरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी, ३० मिलिॲम्पियरचा टाइप ए आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच). घरात बहुतेक टाइप एसी प्रकारचा आरसीसीबी बसवलेला असतो. चार्जरच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी डीसी अंशाची गळती तो नीट ओळखत नाही. मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर असेल, तर २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये जाऊन-येऊन सुमारे ९ व्होल्ट पडतात आणि सव्वाशे वॉट नुसते वायर तापवण्यात जातात. एवढ्या अंतराला ६ चौरस मिमी घेतलेली बरी. एक्स्टेंशन बोर्ड आणि ट्रॅव्हल ॲडॅप्टर अजिबात नको.

सॉकेटपेक्षा मला जास्त भीती वाटते ती अर्थिंगची, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख नाही. जुन्या इमारतींत अर्थची पिन नुसती नावाला असते. गाडीचा चार्जर ते ओळखतो आणि लाल दिवा दाखवून थांबतो. मग कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला लूप मारून देतो, म्हणजे दोन्ही तारेच्या तुकड्याने जोडून टाकतो. हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर थेट फेज येतो. शिवाय बॉडीवरची गळती त्याच न्यूट्रलमधून परत जात असल्याने आरसीसीबीला ती दिसतच नाही. तपासणी सोपी आहे. त्या पॉइंटवर लोड चालू असताना मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज बघा. अर्थ खरा असेल तर लोड येताच ते एक-दोन व्होल्टने हलतं. लांबच्या वायरवरही काटेकोर शून्यच राहिलं, तर लूपचा संशय घ्या आणि सॉकेट उघडायला लावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

कमिटीला लोडची भीती असेल तर हिशेब मांडा. रोज ४० किमी फिरणाऱ्या गाडीला सुमारे ६ युनिट लागतात, म्हणजे ३.३ किलोवॉटवर दोनेक तास. वीस गाड्या एकदम लागल्या तरी ६६ किलोवॉट, सगळ्यांनी ७.२ चे चार्जर बसवले तर तोच आकडा १४४ वर जातो. म्हणजे कमिटीचा नियम तिच्याच ट्रान्सफॉर्मरच्या मुळावर येणारा आहे. गाडीतच वेळ लावून निम्म्यांनी रात्री अकराला आणि उरलेल्यांनी दोनला सुरुवात केली, तर ६६ चाही भार निम्म्यावर येतो.

परवानगीबद्दल: केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरी असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करण्याची मुभा दिली होती. अर्जासोबत सिंगल लाइन डायग्राम (मीटरपासून पॉइंटपर्यंतच्या जोडणीचा साधा आराखडा) आणि वायरमनचा टेस्ट रिपोर्ट जोडा. महिन्याला हजार किमी होत असतील तर चार्जिंगमधली घट धरून १६५-१७० युनिट वाढतात. तेवढ्याने महावितरणचा ३०० चा स्लॅब ओलांडला जात असेल, तर गाडीसाठी स्वतंत्र मीटर घेणं किती स्वस्त पडतं ते आधी काढून बघा.