आखेनचा सैतान आणि आरवलीचा वेतोबा

दिवाळी अंकांतल्या भूतकथा जादूटोणाविरोधी कायदा असलेल्या राज्याला शोभत नाहीत आणि मुलांच्या पुस्तकांतून ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’सारख्या म्हणीही काढून टाकाव्यात, असे पुण्याच्या माझ्या चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिले. ही म्हण राक्षसाची भीती घालत नाही, भित्याची टिंगल करते, हे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला जर्मनीतून सांगावे लागावे याचा मला राग आला.

मी राहतो त्या आखेनमध्ये कॅथेड्रलचे बांधकाम पैशांअभावी अडले, तेव्हा म्हणे सैतानाने कर्ज दिले आणि मोबदल्यात आत पहिले पाऊल टाकणाऱ्याचा आत्मा मागितला. गावकऱ्यांनी लांडगा आत सोडला. फसलेल्या सैतानाने रागाने दार आपटले आणि त्याचा अंगठा तिथेच तुटून राहिला. कांस्याच्या दारावरील सिंहाच्या तोंडात बोट घातले की तो आजही हाताला लागतो. आतली लांडग्याची मूर्ती काही जाणकारांच्या मते अस्वलाची आहे, पण त्याने कोणाचे काही अडत नाही. ऑफिसात ‘सैतान तपशिलात दडलेला असतो’ असे बजावणारा माझा साहेब रविवारी चर्चमध्येही जात नाही.

यावर दादाने जर्मनीतल्याच क्लिंगेनबर्ग गावचे 1976 सालचे प्रकरण काढले. तिथे भूतबाधा उतरवण्याचे विधी महिनोन्महिने चालले आणि त्यात एका तरुण विद्यार्थिनीचा जीव गेला, हे खरेच आहे. मात्र 1978 साली न्यायालयाने दोषी ठरवले ते तिच्या आईवडिलांना आणि दोन पाद्र्यांना. ग्रिम बंधूंच्या कथांतल्या, शेतकऱ्याकडून ठकवल्या जाणाऱ्या सैतानाला कोणी हात लावला नाही. आपला 2013 सालचा कायदाही भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधून मारणे हा गुन्हा मानतो, भुताची गोष्ट सांगणे नव्हे. दादा चळवळीत वावरलेला आहे, त्याला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

“तिकडे बसून बोलायला तुझे काय जाते?” एवढेच त्याचे उत्तर आले आणि ते मला लागले. राज्यक्रांतीमुळे फ्रान्स सोडावे लागलेल्या घराण्यातल्या शामिसो या लेखकाने 1814 साली जर्मनमध्ये एक अद्भुत कथा प्रसिद्ध केली. तिचा नायक करड्या कोटातल्या माणसाला आपली सावली विकून कधीही रिकामी न होणारी थैली घेतो, आणि मग उन्हात उभे राहायची त्याला चोरी होते. भारतीय पासपोर्ट परत करून आलो त्या संध्याकाळी मी ती पुन्हा वाचली होती. दादाला वाटते तसे माझे काहीच गेले नाही असे नाही.

ग्रुपवर मात्र मी यातले काही लिहिले नाही, उलट जर्मन लोक किती समंजस आहेत यावर आणखी दोन परिच्छेद पाठवले. माझा पहिला व्हिसा आला तेव्हा आईने आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहिल्या होत्या. त्यांचे पैसे मी दिले होते, तेही कुरकुर न करता, आणि दादाला ते अजून कळलेले नाही.