‘इको-फ्रेंडली हॉटेल म्हणजे निव्वळ धूळफेक’? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हॉटेलवाले टॉवेल न बदलून स्वतःचे पैसे वाचवतात आणि त्याला पर्यावरण म्हणतात, प्लास्टिक जाऊन कागदी कप आले, एवढाच काय तो बदल, सोलर-बिलर हे पंचतारांकित चोचले, आणि गिऱ्हाइकाला यातलं काही नकोच असतं. मी बरीच वर्षं एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगला होते, आता कोकणात आमचं चौदा खोल्यांचं लॉज आहे. म्हणजे दोन्हीकडचे टॉवेल मोजून झालेत.

तर आधी टॉवेल. बाथरूममधलं ते कार्ड तुम्ही पाहिलंच असेल: पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टाका, बदलून हवा तर खाली ठेवा. याने हॉटेलचे पैसे वाचतात का? वाचतात की! पाणी, वीज, साबण वाचतो, टॉवेलही जास्त टिकतात. पण पैसे वाचले म्हणून पाणी वाचलं नाही, हा कुठला हिशोब? घरी नळ बंद केला की आपलंही बिल कमीच येतं. संशयाला जुना इतिहास आहे, हे मात्र खरं. ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्दच १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन माणसाने हॉटेलांतल्या टॉवेल-कार्डांवर लिहिताना वापरला. बाकीचा कारभार तसाच ठेवून टॉवेलापुरतं पर्यावरण आठवणाऱ्यांवर त्याचा रोख होता. माझी तक्रार आणखी साधी आहे. मी होते तिथे पाहुण्याने टॉवेल नीट दांडीवर घातला तरी आम्ही तो उचलायचो, कारण सुपरवायझरला खोली ‘फ्रेश’ दिसायला हवी असायची. ट्रॉलीत कोरडे टॉवेल पडलेले आणि भिंतीवर पृथ्वी वाचवा! मेसेजवाल्यांनी हे पकडलं असतं तर मी आधी टाळी दिली असती.

कागदी कपाबद्दल मेसेज बरोबर बोलतो, निष्कर्ष तेवढा चुकतो. कागदी कप गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा आणि आतल्या बाजूने नखाने खरवडा. दुधावरच्या सायीसारखा एक पापुद्रा सुटतो. ते प्लास्टिक. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण सापडले होते. राज्य सरकारनेही जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या कप-ताटल्यांवर बंदी आणली. ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारे, म्हणून विकले जाणारे पीएलएचे (मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचे) ग्लासही मागच्या दारच्या खड्ड्यात कुजत नाहीत; त्यांना साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा प्रकल्प लागतो. पण म्हणून परत प्लास्टिककडे वळायचं का? चहाला काचेचा ग्लास, पाण्याला तांब्या-भांडं. धुवायला एक बाई जास्त लागते, तो पगार आम्ही देतो आणि कपांचं बंडल आणत नाही. जेवणावळ असली की परसातली केळीची पानं.

चोचल्यांचा समज कुठून आला ते कळतं. हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामतांनी मुंबई विमानतळाजवळ ऑर्किड हे पंचतारांकित हॉटेल काढलं, पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलांना मिळणारं इकोटेल प्रमाणपत्र मिळवलं, तेव्हापासून ‘हे मोठ्यांचं काम’ असं डोक्यात बसलंय. आता माझा हिशोब बघा. साधा शॉवर मिनिटाला नऊ लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटांची आंघोळ म्हणजे ७२ लिटर. ते २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण सव्वा युनिट वीज जाते. पाणी कमी सोडणारा शॉवर बसवून मिनिटाला सहा लिटरवर आणलं की एका आंघोळीमागे चाळीस-बेचाळीस शतांश युनिट वाचतं. चौदा खोल्या, खोलीत दोघं, म्हणजे दिवसाला जवळपास बारा युनिट. सोलरचं तर अजून नावही काढलेलं नाही!

ओल्या कचऱ्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि हॉटेलची खरी घाण तिथेच असते. डॉ. शरद काळे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प माथेरानसारख्या, जिथे मोटारी चालत नाहीत अशा गावातही उभा राहिला. आमच्याकडे तेवढं काही नाही. खरकटं वेगळ्या पिंपात, नारळाच्या करवंट्या वेगळ्या, आणि मागे एक खड्डा. पावसाळ्यात त्याचा वास येतो, तेही सांगून टाकते.

राहता राहिलं गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या एका हॉटेलात २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला होता. ‘पर्यावरण वाचवा’ लिहिलेलं कार्ड पाहून ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथे राहणारे बहुतेक जण पुन्हा वापरतात’ लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. म्हणजे लोकांना नको असतं असं नाही, सांगण्याची पद्धत लागते. आमच्या खोल्यांत एसी २४ वर लावून ठेवलेला असतो. गेल्या आठवड्यात एक काका तक्रार घेऊन आले, थंड होत नाही म्हणाले. रिमोट दाखवला, हवं तेवढं कमी करा म्हटलं. सकाळी चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाले, “अठरावर केला होता, मग रात्री उठून दुसरी रजई शोधली.”